अन्नी: मालदीवचे मोहम्मद नशीद

पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडात नळी, समोर टेबल. ही मालदीवची कॅबिनेट मीटिंग चालू आहे, खरीखुरी. 17 ऑक्टोबर 2009, गिरिफुशी बेटाजवळ, समुद्रात साधारण 5 मीटर खाली, आणि अध्यक्षस्थानी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद. त्यांना डायव्हिंग आधीपासून यायचं, पण बऱ्याच मंत्र्यांना यासाठी रीतसर शिकावं लागलं. खाली बोलता येत नाही ना, म्हणून सगळा कारभार हातवाऱ्यांवर. आता बघा, ती पांढरी पाटी, पाण्यात चालणाऱ्या पेन्सिलने एकेक जण सही करतोय, मधूनच मासे जातायत. पाटीवर मागणी काय, तर जगाने कार्बन डायऑक्साइड कमी करावा, कारण दोन महिन्यांवर कोपनहेगनची हवामान बदलावरची परिषद होती. अर्ध्या तासाने सगळे वर. स्टंट म्हणा हवं तर, पण ज्या देशाची जमीन समुद्रापासून जेमतेम दीड मीटर वर आहे त्याच्याकडे कोणी एरवी ढुंकून तरी बघतं का?

नशीद राजधानी मालेचेच, जन्म 1967 चा, लोक लाडाने अन्नी म्हणतात. शिक्षण श्रीलंकेत, मग इंग्लंडमध्ये, आणि परत आले ते थेट पत्रकारितेत. 'सांगू' नावाच्या मासिकात मौमून अब्दुल गयूम सरकारवर लिहिलं आणि तुरुंगात गेले, सुटले, परत आत, असं कितीदा तरी, त्यात कित्येक महिने एकांतकोठडी. 1991 मध्ये अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने त्यांना सद्सद्विवेकाचे कैदी, म्हणजे केवळ मतांसाठी डांबलेले, म्हटलं. 2003 मध्ये कोलंबोत बसून पक्ष काढला आणि 2008 मध्ये, देशाच्या पहिल्या बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणुकीत, 30 वर्षं खुर्चीवर असलेल्या त्याच गयूमना दुसऱ्या फेरीत 54 टक्के मतं घेऊन हरवलं. ही गर्दी त्याच वेळची.

पण खुर्चीवरचा माणूस बदलला, न्यायाधीश तेच राहिले, पोलीस तेच. जानेवारी 2012 मध्ये नशीद सरकारच्या हुकमाने लष्कराने फौजदारी कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांना उचललं, नियमात बसत नव्हतं हे खरंय, आणि रस्त्यावर रोज निदर्शनं सुरू झाली. 7 फेब्रुवारीला पोलीसच उलटले. हे गणवेशातले लोक बघा, घोषणा देतायत. त्याच दिवशी नशीदनी टीव्हीवर राजीनामा दिला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, बंदुकीच्या धाकाने घेतला. ऑगस्टमध्ये चौकशी आयोग म्हणाला, उठाव वगैरे नव्हता. असो.

फेब्रुवारी 2015, कोर्टाबाहेर. पोलीस ज्याला जमिनीवरून फरफटत नेतायत, शर्ट फाटलाय, ते माजी राष्ट्राध्यक्ष.

त्याच न्यायाधीशांना उचलल्याबद्दल, दहशतवादाच्या कलमाखाली, 13 वर्षं तुरुंगवासाची शिक्षा. 2016 मध्ये उपचारासाठी ब्रिटनला, तिथेच आश्रय, 2018 मध्ये मायदेशी, 2019 मध्ये संसदेचे सभापती, मे 2021 मध्ये घराजवळ बॉम्बस्फोट, थोडक्यात वाचले. 2023 मध्ये बालमित्र राष्ट्राध्यक्ष सोलिह यांच्याशी फाटलं, नशीदनी पक्ष सोडून नवा काढला, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले मोहम्मद मुइझ्झू.