रुमाल टाकून सीट धरायचा सीन : 14 शॉटचा प्लॅन आणि तो कुठं कुठं फसला

राम राम मंडळी. (वही कॅमेऱ्यासमोर धरून) ही बघा, 100 पानी वही, वरून किराणा दुकानाच्या उधारीची वाटतेय, पण आत माझं मागच्या 3 महिन्यांचं सगळं फिल्म मेकिंग आहे. पिक्चर फक्त 1 मिनिट 40 सेकंदांचा, तोबी अजून पुरा झालेला नाही, वही मात्र भरली. आज तेच सांगायलो, वहीत काय भरलंय आणि पिक्चर कुठं अडकलाय.

सीन अगदी साधा आहे. आमच्या तालुक्याचं बस स्टँड, सकाळची निलंग्याची गाडी लागते, आबा बाहेरून खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, आणि दारातल्या गर्दीतून घुसून आत जाईपर्यंत त्या रुमालावर दुसराच कुणीतरी ऐसपैस बसलेला. झालं. आपल्याकडं हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही, रुमाल पडला म्हणजे सीट आपली, कायदा कुठं लिहिलेला नाही पण पाळतात सगळे, आणि एखादा पाळत नाही म्हणून तर स्टोरी होते ना.

आता मला वाटलं होतं फिल्म मेकिंगच्या कोर्सला ॲडमिशन घेतलं की दुसऱ्या दिवशी कॅमेरा हातात. सरांनी पहिला महिनाभर कॅमेऱ्याला हातच लावू दिला नाही, खरं सांगतो, लई राग आला होता. वही आणा म्हणले. आणि बंगाली दिग्दर्शक सत्यजित राय यांची एक गोष्ट सांगितली. राय जाहिरात कंपनीत चित्रकार होते, पिक्चर काढायच्या आधीची गोष्ट, तेव्हा एखाद्या पुस्तकावर सिनेमा येणारय असं कळलं की हा माणूस आधी स्वतः त्याची पटकथा लिहून काढायचा, मग पिक्चर लागला की जाऊन बघायचा, आपलं काय आणि त्यांचं काय. म्हणजे पेपर आधी सोडवायचा आणि उत्तरपत्रिका नंतर बघायची. आपण उलटं करतो, पिक्चर बघतो, 'भारी होता' म्हणतो आणि झोपतो.

तर सरांनी आम्हाला नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'मधला एक प्रसंग दोन ओळीत सांगितला. मी तोवर बघितला नव्हता, हसू नका, नव्हता बघितला. घरातले सगळे डुकरामागं पळतायत, शाळा जवळच आहे, तेवढ्यात तिकडं राष्ट्रगीत सुरू होतं. बास, आता तुम्ही शॉट लिहा. मी बसलो आणि 22 शॉट लिहिले. झेंडा, झेंड्याची दोरी, पोरांची लाईन, हेडमास्तर, भोंगा, परत झेंडा. लई खूश होतो स्वतःवर.

मग पिक्चर लावला. आणि बघतो तर काय, हे सगळे जागच्या जागी ताठ उभे, आणि डुक्कर मोकळं! त्याला कुठं राष्ट्रगीत कळतंय? ज्याच्यासाठी एवढी पळापळ चाललीय ते समोर आहे आणि ह्यांना हलता येत नाही. हसू येतं आणि हसता हसता पोटात कसंतरी होतं. माझ्या 22 शॉटमधे राष्ट्रगीत सुरू झाल्यावर डुक्कर कुठंच नव्हतं. विसरूनच गेलो होतो मी त्याला, झेंड्याच्या नादात.

त्या दिवसापासून एक सवय लावून घेतली. कुठलाबी सीन आवडला की तो 3 वेळा बघायचा, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून नुसता ऐकून, आणि मग नीट. हा राष्ट्रगीताचा सीन आवाज बंद करून बघा, काही कळतच नाही, माणसं पळता पळता कशाला थांबली? म्हणजे तिथं सगळं काम आवाज करतोय. आणि दुसरे काही सीन असे असतात की आवाज काढला तरी काही फरक पडत नाही, मग समजायचं डायलॉग उगीच लिहिलेत.

आता दुसरी गोष्ट, ही मला सगळ्यात जास्त आवडलेली. कॉलेजची ट्रिप गेली होती अजिंठ्याला. पोरं सेल्फी काढायलेली आणि मी 17 नंबरच्या लेणीत अडकलो. तिथं विश्वंतर जातकाची, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्माची गोष्ट रंगवलीय भिंतीवर, राजपुत्र आहे, दानशूर, सगळं देऊन टाकतो, त्याला देशाबाहेर काढतात. चौकटी नाहीत हो कुठं! आपल्या कॉमिक्ससारखं एक डबा, दुसरा डबा असं नाही. तोच राजपुत्र इकडं महालात आहे, तोच पुढं रथात बसून बाजारातून चाललाय, एकाच भिंतीवर. मग आपल्याला कसं कळतं की सीन बदलला? मधे कुठं खांब येतो, कुठं दार, कुठं खडक, आणि माणसांच्या माना पुढच्या सीनकडं वळलेल्या असतात, आपला डोळा आपोआप तिकडं जातो. साधारण 1500 वर्षांपूर्वी, लेणीत बसून कुणीतरी कट मारायलंय राव, खांबाचा कट!

आणि आपल्या स्टँडवर खांब नाहीत का? रांगेनं आहेत, पानाच्या पिचकाऱ्यांसकट. वहीत लगेच लिहिलं, शॉट 5, आबा पिशवी घेऊन पळत येतात, खांबाच्या मागं जातात, खांबाच्या दुसऱ्या बाजूनं निघतात ते थेट गाडीच्या खिडकीशी. मधला 40 पावलांचा वेळ खांबानं खाल्ला. हा शॉट आमच्या सगळ्या शूटिंगमधला एकमेव न फसलेला शॉट आहे, सांगून ठेवतो.

बाकी प्लॅन असा होता, एकूण 14 शॉट. प्रत्येकाला एक ओळ, त्यात कॅमेरा कुठं, माणूस कुठून कुठं जातो, आवाज कशाचा, आणि उजेड कोणत्या बाजूनं. स्टँडवर दोन रविवार नुसतं बसून आलो सकाळी, ऊन फलाटावर किती वाजता येतं ते बघायला. चहावाल्याला वाटलं घरातून भांडून आलंय पोरगं.

आता फसलं कुठं. ऐका नीट, हा भाग कामाचा आहे.

बाहेरचा शॉट मी घेतला गाडीच्या मागच्या चाकापाशी उभं राहून, पुढं बघत. आबा माझ्या डाव्या हाताला, गाडी उजव्या हाताला, रुमाल डावीकडून उजवीकडं गेला. मस्त. मग आत चढलो, मागं गर्दी होती म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागं उभं राहिलो आणि मागं तोंड करून शूट केलं. आता विचार करा, तीच खिडकी आता माझ्या उजव्या हाताला आली, रुमाल उजवीकडून आला आणि डावीकडं पडला. दोन्ही शॉट जोडले तर असं दिसायलंय की आबानं रुमाल टाकला आणि आतल्या माणसानं तो परत आबाच्या तोंडावर फेकला! 180 डिग्रीचा रूल मोडला की असं होतं. पुस्तकात मी तो 10 वेळा वाचला होता, परीक्षेत आकृती काढून मार्कबी घेतले होते. माणूस आणि सीट यांच्यामधे एक रेघ धरायची आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. मी गाडीत चढलो आणि रेघ ओलांडून बसलो. मागच्या सीटवर जाऊन पुढं तोंड केलं असतं तर झालं असतं, खिडकी डावीकडंच राहिली असती.

दुसरं, आवाज. एका शॉटमधे मागं भोंग्यावर 'अंबाजोगाईकडे जाणारी गाडी' चाललंय, कट केलं की लगेच 'उदगीर', परत कट की परत 'अंबाजोगाई', मधेच अर्धं वाक्य. बघताना आबा 4 सेकंदात अर्धा मराठवाडा फिरून आल्यासारखे वाटायलेत. उपाय सोपा होता, शूटिंग झाल्यावर तिथंच मोबाईल ठेवून स्टँडचा नुसता आवाज सलग 3 मिनिटं रेकॉर्ड करायचा आणि सगळ्या शॉटखाली तोच एक घालायचा. नाही केलं. भूक लागली होती.

कँटीनमधल्या शॉटला ट्यूबलाईटचे काळे पट्टे आले, ते सेटिंगचं आहे, आपल्याकडं लाईट 50 हर्ट्झची, मोबाईलचा शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंदाला लॉक करा, जातात.

आणि गाडी काही आपल्या रिटेकसाठी थांबत नाही. कंट्रोलरसाहेबांना भेटून परवानगी घेतली होती, चांगले होते बिचारे, पण टाइम झाला की कंडक्टरनं घंटी मारली. त्यात आबा. तिसऱ्या टेकला म्हणतात, "आरं कितींदा टाकायला लावतूस रुमाल, सीट तर भेटली की!"

सरांना सगळं सांगितलं तर ते रागावले नाहीत, उलट हसले आणि परत रायच. त्यांचा पहिला पिक्चर 'पथेर पांचाली', त्याचं शूटिंग, 1952 साल, काश नावाच्या गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या रानात अपू आणि दुर्गा ही भावंडं. थोडं शूट झालं, पुढच्या आठवड्यात टीम परत गेली तर तुरे गायब. गुरांनी चरून टाकलेले! पुढच्या वर्षी परत तुरे येईपर्यंत तो सीन थांबला. आणि ह्या माणसाकडं शॉटच्या चित्रांनी भरलेली वही होती हां, ज्यानं एवढा प्लॅन केला त्याचं रान गुरं खाऊन गेली.

माझं तसंच झालं, फक्त गुरांच्या जागी एसटी. शेवटच्या टेकला रुमाल आत पडला, घंटी वाजली, गाडी हलली, मी उडी मारून उतरलो आणि रुमाल सीटवरच राहिला. लाल चौकड्याचा, आबांचा, आता निलंग्याला. आतला शॉट परत घ्यायचाय, बाहेरच्या शॉटमधे तर तोच रुमाल दिसतोय, आणि तसला दुसरा आख्ख्या बाजारात भेटंना. (वहीचं शेवटचं पान उघडून) म्हणून काल ही ओळ लिहिलीय, शॉट नंबर 1 च्याबी वर : रुमाल, 2 नग. येत्या रविवारी सकाळी 7 ला परत स्टँडवर. आबा येतो म्हणलेत, पण चहा दोनदा पाहिजे म्हणलेत.