तडा थंडीत जातो, दिसतो उन्हाळ्याच्या तोंडावर

(दृश्य : ताडपत्रीखालची बोट. कडेवरून वितळलेलं पाणी ठिबकतंय.)

हिवाळाभर बोट जागची हललेली नाही. आता ऊन पडलंय, ताडपत्री निघाली आहे, आणि मालकाचा हात सवयीनं चावीकडे चाललाय. तो हात तिथंच थांबायला हवा.

थंडीनं इंजिन फुटलं, असं आपण म्हणतो. पण कोरडं इंजिन कडाक्याच्या गारठ्यातही शाबूत राहतं. फुटतं ते आत पाणी राहिलेलं इंजिन. पाणी गार होताना ४ अंश सेल्सिअसपर्यंत आकसतं, मग उलटं फुगू लागतं. गोठलं की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. उघड्या भांड्यात हा बर्फ वर सरकतो. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव धडाच्या, पोकळीत त्याला वर सरकायला जागाच नसते. आणि ब्लॉक बहुतेकदा असतो बिडाचा. बीड दाब भरपूर सोसतं, पण ताण आला की न वाकता तडकतं.

गाडीच्या इंजिनात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आणि सहज न गोठणारं द्रावण, कायम भरलेलं असतं. बोटीची कितीतरी इंजिनं मात्र बाहेरचंच पाणी आत ओढून थंड होतात, तळ्याचं असो की समुद्राचं. खारं पाणीही उणे २ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे मिठाच्या भरवशावर राहता येत नाही. ज्या इंजिनात कूलंट आहे, तिथंही पंप आणि हीट एक्स्चेंजरमधून (कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या भागातून) बाहेरचं पाणी फिरतच असतं.

(दृश्य : ब्लॉकच्या बाजूवर टॉर्चचा झोत. गंजाची बारीक, आडवी रेघ.)

ही रेघ बघा. तडा गेला त्या रात्री इथून थेंबभरही पाणी गळलं नसेल. ज्या बर्फानं भिंत फोडली, तोच बर्फ चिरेत बूच होऊन बसला होता. म्हणून कडक थंडीत सगळं ठीक वाटतं आणि गळती सुरू होते ती बर्फ वितळल्यावर. पाण्यातच ठेवलेल्या बोटींचा धोका याहून मोठा. तळाच्या झडपेत अडकलेलं पाणी गोठून झडप फुटली, तर बर्फ वितळताच पाणी सरळ बोटीत शिरतं.

ब्लॉकवरच्या या गोल टोप्यांबद्दल एक समज फार पसरलेला आहे. गोठताना त्या निखळतात आणि ब्लॉक वाचतो, असं लोक मानतात. खरं तर ओतकामाच्या वेळी आतली वाळू काढायला ठेवलेली भोकं बुजवण्यासाठी त्या असतात. कधी त्या निखळतात, कधी त्या जागेवर राहतात आणि शेजारची भिंत फुटते. कधी दोन्ही होतं.

मग तपासायचं कसं? आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, किंवा ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल, तर पाणी आत पोचलंय. यानंतर स्पार्क प्लग काढून इंजिन पान्यानं हळूहळू हातानं फिरवायचं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर प्लगच्या भोकातून बाहेर येतं. हीच खूण चावी फिरवल्यावर कळली असती, तर फार महाग पडली असती. पाणी दबत नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बाहेर काहीच दिसत नसेल तर पाण्याच्या पोकळीत हलक्या दाबानं हवा भरतात, गेजच्या काट्यावर नजर ठेवतात आणि संशयाच्या जागी साबणाचं पाणी लावतात. काटा उतरतोय पण बाहेर कुठंच फुगे नाहीत, म्हणजे आतल्या तड्याचा संशय घ्यायचा.

बाहेरच्या भिंतीचा तडा दुरुस्त होतो. दोन्ही टोकांना भोक पाडून तो पुढं सरकायचा थांबवतात, मग धातूच्या पिनांनी शिवतात. वेल्डिंगला माझा हात सहज पुढं होत नाही. ब्लॉक आधी नीट तापवला नाही आणि सावकाश निववला नाही, तर शेजारीच नवा तडा जातो. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असेल तर दुरुस्तीचा निर्णय होईपर्यंत थांबू नका, ऑइल त्याच दिवशी काढा. बेअरिंगांना गंज चढायला वेळ लागत नाही.

(दृश्य : ब्लॉकमधलं पाणी काढायच्या भोकाचा ड्रेन प्लग निघतो. पाणी येत नाही. तार आत जाते, गाळ निघतो आणि मग धार लागते.)

हिवाळ्याआधी इंजिन रिकामं करताना एवढ्यासाठी तार लागते. प्लग काढला आणि काही आलं नाही, म्हणजे आत काही नाही, असं समजून अनेक इंजिनं गेली आहेत. भोक गंजानं आणि रेतीनं बुजलेलं असतं. अँटिफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं द्रावण, नंतर भरायचं, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप) बंद असताना ते इंजिनला नुसतं ओढू दिलं तर ते ब्लॉकमध्ये न जाता बाहेर पडतं. बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं आउटबोर्ड इंजिन उभंच ठेवा, त्यातलं पाणी आपसूक उतरतं.

काढलेले ड्रेन प्लग एका पिशवीत घालून ती पिशवी चावीला बांधली आहे. पुढच्या वेळी चावीला हात लावणाऱ्याला आधी ती सोडावी लागेल.