क्यूसी लॅबमधून डेटा ॲनालिस्टकडे: क्षेत्र बदलताना रेझ्युमे कसा लिहायचा?

नमस्कार. क्षेत्र बदलायचं ठरवलंय, नोकरी डॉट कॉमवर रोज अर्ज करताय, आणि फोन एकही येत नाही. असं होत असेल तर आधी रेझ्युमेच्या पहिल्या पानाचा वरचा भाग उघडा. आज आपण त्यावरच काम करणार आहोत.

उदाहरण आपल्याच नवी मुंबईच्या पट्ट्यातलं घेऊ. रबाळे एमआयडीसीतल्या फार्मा कंपनीत सहा वर्षं क्यूसी केमिस्ट, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासण्याचं काम. आता ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये डेटा ॲनालिस्ट म्हणून जायचंय. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल आणि डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर पॉवर बीआय शिकून झालंय.

[स्क्रीनवर: जुना रेझ्युमे]

बघा, वर काय आहे? 'केमिस्ट, क्वालिटी कंट्रोल'. खाली एचपीएलसी, जीसी, यूव्ही, कार्ल फिशर, सगळ्या लॅबमधल्या चाचण्या. एसक्यूएल कुठे आहे? दुसऱ्या पानावर, छंदांच्या वर. ॲनालिस्ट शोधणारी एचआर पहिल्या चार ओळी वाचते, 'केमिस्ट' दिसतं, पुढचा रेझ्युमे उघडते. तिची चूक नाही. तिला हवं ते तिथे लिहिलेलंच नाही.

तर लिहायला बसण्याआधी एक तास हे करा. ज्या पदावर जायचंय त्याच्या आठ-दहा जाहिराती काढा आणि एका कागदावर त्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द उतरवा. डेटा क्लीनिंग, रिपोर्टिंग, डॅशबोर्ड, ट्रेंड ॲनालिसिस, असे दहा-बारा शब्द निघतील. आता प्रत्येक शब्दासमोर लिहा: हे काम मी जुन्या नोकरीत कुठल्या नावाने करत होते? स्टॅबिलिटी डेटाचे, म्हणजे औषध किती टिकतं त्या आकड्यांचे, ग्राफ काढायचात ना? ते ट्रेंड ॲनालिसिस. बॅच रेकॉर्डमधल्या चुका ऑडिटच्या आधी शोधायचात? ती डेटाची तपासणी. ज्या शब्दासमोर काहीच सुचत नाही, तो रेझ्युमेत घालायचा नाही. तो शिकायच्या यादीत जाईल.

आता वरचा भाग. नाव, मोबाईल, ईमेल, लिंक्डइन. पत्ता म्हणून 'ऐरोली, नवी मुंबई' एवढं बस, सोसायटी आणि फ्लॅट नंबर नको. वडिलांचं नाव, जन्मतारीख, विवाहित-अविवाहित, आणि शेवटचं ते 'वरील माहिती खरी आहे' असं सहीचं डिक्लरेशन, हे सगळं काढा. 'ऑब्जेक्टिव्ह'ही काढा. त्याच्या जागी तीन ओळींचा सारांश. रेझ्युमे इंग्रजीतच लिहायचा, इथे समजायला मराठीत सांगतो:

'फार्मा क्वालिटी कंट्रोलमध्ये 6 वर्षं: टेस्ट डेटाची तपासणी, ट्रेंड ॲनालिसिस, ऑडिटसाठी रिपोर्टिंग. एसक्यूएल आणि पॉवर बीआय वापरून 2 प्रोजेक्ट पूर्ण. डेटा ॲनालिस्ट पदासाठी अर्ज.'

जुनं क्षेत्र लपवलेलं नाही, नवीन कौशल्य वर आलंय, आणि कुठे जायचंय ते स्पष्ट आहे. त्याखाली कौशल्यं, मग प्रोजेक्ट, मग अनुभव, मग शिक्षण. क्षेत्र बदलताना प्रोजेक्ट अनुभवाच्या वर घ्या, कारण नव्या कामाचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा आहे. पण एक सांभाळा: कंपनीचा बॅच डेटा प्रोजेक्टमध्ये वापरू नका. तो गोपनीय असतो. सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवर फुकट डेटा मिळतो, तो घ्या.

[स्क्रीनवर: एक ओळ, आधी आणि नंतर]

आधीची ओळ: 'रॉ मटेरियल आणि फिनिश्ड प्रॉडक्टचं एचपीएलसीवर टेस्टिंग करणे.' हे तर प्रत्येक केमिस्ट करतो.

नंतरची: 'महिन्याला सुमारे 60 बॅचचे टेस्ट रिझल्ट एक्सेलमध्ये एकत्र करून स्पेसिफिकेशनबाहेर गेलेल्यांचा ट्रेंड काढला. पिव्होट टेबलमुळे मासिक रिपोर्ट दोन दिवसांऐवजी तीन तासांत तयार होऊ लागला.'

काय केलं, किती केलं, कशाने केलं, त्याने काय बदललं. आकडे इथे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही काढा. शिफ्टला किती सॅम्पल, महिन्याला किती शिफ्ट, गुणाकार करा. जो आकडा इंटरव्ह्यूत समजावून सांगता येत नाही, तो लिहू नका. शेवटच्या नोकरीच्या अशा चार-पाच ओळी, आधीच्या नोकरीच्या दोन. एकूण दोन पानं पुरे.

आता ज्या ठिकाणी हातातलं ऑफर लेटर जातं, ते. क्षेत्र बदलणारे बरेच जण पदनाम बदलून टाकतात, 'केमिस्ट'चं 'क्वालिटी डेटा ॲनालिस्ट' करतात. करू नका. जॉइनिंगच्या आधी किंवा नंतर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे जुन्या नोकरीची पडताळणी होते, आणि पदनाम रिलीव्हिंग लेटरवर जे आहे तेच असावं लागतं. तारखांचंही तेच. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्टरी' उघडा. तिथली जॉइनिंग आणि एक्झिटची तारीख समोर ठेवूनच महिना-वर्ष लिहा.

एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांनी हे नीट ऐका. काम मोठ्या कंपनीत केलंत, पण पगार आणि पीएफ कॉन्ट्रॅक्टरकडून आला, तर यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफ नंबरवर, कॉन्ट्रॅक्टरचं नाव दिसतं. रेझ्युमेत फक्त मोठ्या कंपनीचं नाव असेल तर व्हेरिफिकेशनमध्ये ते जुळत नाही, आणि खरं काम केलेला माणूस खोटा ठरतो. म्हणून आधी कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहा आणि पुढे 'कामाचं ठिकाण' म्हणून कंपनीचं. आणि पैसे घेऊन अनुभवाचं पत्र देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. ते पत्र यूएएनशी जुळत नाही, आणि त्याची किंमत तुम्हीच मोजता.

मध्ये गॅप असेल तर तारखा झाकणारा फॉरमॅट वापरू नका. 'एप्रिल ते डिसेंबर: एसक्यूएल, पॉवर बीआयचं प्रशिक्षण' अशी साधी ओळ लिहा.

राहिला फॉरमॅट. दोन कॉलमचं रंगीत टेम्प्लेट, फोटो, कौशल्यांना दिलेले तारे टाळा. कंपन्यांचं सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर खेचून घेतं, आणि टेक्स्ट बॉक्समधलं किंवा हेडरमधलं कधी सुटतं, कधी उलटसुलट होतं. तपासायला सोपं आहे. रेझ्युमेची वर्ड फाइल उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा.

[स्क्रीनवर: नोटपॅडमधला मजकूर, मोबाईल नंबर गायब]

दिसतंय? नंबर हेडरमध्ये होता, तो आलाच नाही. रेझ्युमे आवडला तरी फोन करणार कुठे? नंबर मुख्य मजकुरात घ्या, पुन्हा पेस्ट करून बघा, आणि मगच अपलोड करा.