आधी डिस्कची खाच बघा

(सांगलीत दिवाळीच्या सुट्टीत पालक आणि मुलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'पीएस५ घ्यावा की एक्सबॉक्स?' दोन्ही टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीनं, म्हणजे कन्सोल; पीएस५ सोनीचा, एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचा. समोर निम्मे पालक आहेत आणि निम्मी मुलं. म्हणजे पैसे देणारे आणि पैसे मागणारे मांडीला मांडी लावून बसलेत. पीएस५वाल्यांनी जरा हात वर करा. छान. एक्सबॉक्सवाले? आहेत की! आणि ज्यांच्या घरी अजून 'दहावी होऊ दे, मग बघू' चाललंय ते? बघा, सगळ्यात जास्त हात यांचेच. मग आज मी यांच्यासाठीच बोलतो.

माझा धंदा कन्सोल दुरुस्तीचा. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'पॉवर कुणाची जास्त?' मी उलट विचारतो, 'डिस्कवाला घेणार की बिनडिस्कचा?' कंपनीचं नंतर बघू. मशीनच्या तोंडाला डिस्क घालायची खाच आहे का, हे आधी बघा. गेली काही वर्षं मी हे भेटेल त्याला सांगतोय, आज तुम्ही सापडलात.

२०१३ ची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं सरकता येत नाही. त्या वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन जाहीर केला. अट अशी, की मशीन चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटला जोडलंच पाहिजे, नाहीतर गेम चालणार नाही. डिस्क मित्राला द्यायची किंवा विकायची म्हटलं तर त्यावरही बंधनं. चोवीस तासांतून एकदा! त्या काळात आपल्याकडं रस्ता खोदताना केबल तुटली की नेट कधी येईल ते कुणी सांगायचं नाही. जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सोनीनं स्टेजवरून सांगितलं, आमच्या पीएस४ ला असली कुठलीही अट नाही. सभागृहात टाळ्या थांबेनात. वर एक चिमुकला व्हिडिओ काढला, पीएस४ वरचा गेम मित्राला कसा द्यायचा ते शिकवणारा. त्यात एक माणूस गेमची डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा 'थँक्स' म्हणतो आणि व्हिडिओ संपतो! किंमतही सोनीची ३९९ डॉलर, मायक्रोसॉफ्टची ४९९. लोकांनी एवढी ओरड केली की १९ जूनला मायक्रोसॉफ्टनं दोन्ही अटी मागं घेतल्या.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात गिऱ्हाइकांनी कंपनीला झुकवलं. पण २०२० साली काय झालं? त्याच दोन कंपन्यांनी बिनखाचेची मशीनं काढली आणि आपण रांग लावून घेतली. आपल्याकडं डिस्कवाला पीएस५ आला ४९,९९० रुपयांना, डिजिटल, म्हणजे गेम फक्त इंटरनेटवरून विकत घेऊन उतरवायचे असा बिनडिस्कचा, ३९,९९० ला. एक्सबॉक्स सिरीज एक्स ४९,९९०, आणि बिनडिस्कचा सिरीज एस ३४,९९०. डिजिटल पीएस५ घेऊन वडील खूश, दहा हजार वाचले. पण सोनीचा नवा मोठा गेम होता ४,९९९ चा. दोन गेमची किंमत झाली की हिशोब बरोबरीत. इथून पुढं डिस्कवाला पोरगा गेम खेळून विकतो, बदलून घेतो, वर्गातल्या चौघांना फिरवतो. डिजिटलवाल्याला तो विकताही येत नाही आणि कुणाच्या हातात देताही येत नाही. वाचनालयातलं पुस्तक फिरतं तशी डिस्क गल्लीत फिरते, आणि सांगलीसारख्या गावात पोरांचं गेमिंग त्यावरच उभं आहे.

आता पुराकडं येतो. ऑगस्ट २०१९ इथं कुणाला सांगायला नको. आयर्विनच्या पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजून गेली. पाणी ओसरल्यावर माझ्याकडं टीव्ही, मिक्सर, कन्सोल, काय काय यायला लागलं. गावभागातला एक कॉलेजचा मुलगा पोत्यात घालून पीएस४ घेऊन आला. झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांमध्ये गाळ बसून वाळलेला, पॉवर सप्लायच्या पट्टीवर हिरवट बुरशी, आणि तो वास... पूर बघितलेल्यांना तो वास माहीत आहे. मशीन संपलेलं होतं. हार्ड डिस्कही गेली, म्हणजे त्याचे सेव्ह केलेले खेळ गेले. पोरगं गप्प उभं होतं.

मग त्यानं पिशवीतून चिखलानं माखलेल्या डब्या काढल्या. आतली कागदं लगदा झालेली. आम्ही दोघांनी एकेक डिस्क नळाच्या बारीक धारेखाली धरली, बोटाच्या टोकानं भांड्याचा साबण लावला आणि मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडं सरळ पुसली. गोल फिरवून कधी पुसायचं नाही, हे मुलांनो लक्षात ठेवा. गोल चरा पडला तर तो वाचणाऱ्या किरणाच्या वाटेतच लांबवर राहतो. ब्लू-रेमधला मजकूर पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर खाली असतो, म्हणून त्यावर कडक थर दिलेला असतो. त्या थरानं काम केलं. डिस्क सावलीत वाळवल्या आणि दुकानातल्या पीएस४ मध्ये घातल्या. एकीनं आधी कुरकुर केली, मग तीही चालली. पुढं तो मुलगा विश्रामबागेतल्या मित्राकडं जाऊन त्याच डिस्क खेळला.

तुम्ही म्हणाल, डिजिटलवाल्याचं तर पुरात काहीच गेलं नसतं, नवीन मशीनवर अकाउंट टाकलं की सगळे गेम परत. खरं आहे, पण अकाउंट स्वतःचं असेल तर. आपल्याकडं काय चालतं? सेकंडहँड डिजिटल मशीन 'गेम भरून' मिळतं, आणि ते गेम असतात विकणाऱ्याच्या अकाउंटवर. मशीन त्या अकाउंटला जोडलंय तोवर चालतात. उद्या तो माणूस घरबसल्या मशीन आपल्या यादीतून काढू शकतो, मग प्रत्येक गेमवर कुलूप. माझ्या पुतण्याचं हेच झालं. विकणाऱ्यानं फोन उचलणं सोडलं. कंपनीच्या मदत केंद्राला लिहिलं तर ते मूळ खरेदीचा पुरावा मागणार, आणि मूळ खरेदी त्याची नव्हतीच. पोराच्या सुट्टीच्या कामाचे पैसे होते ते. मला अजून राग येतो.

आणि स्वतःच्या अकाउंटवर घेतलं तरी हातात काय येतं? वापरायचा परवाना. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं तर कायदाच केला, २०२५ पासून दुकानदारानं हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. निन्टेंडो या तिसऱ्या कंपनीनं वी यू आणि थ्रीडीएस या आपल्या जुन्या मशीनांच्या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला बंद केली, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला मिटलं. २०२१ मध्ये सोनी पीएस३ चं दुकान बंद करणार होती, लोक ओरडले म्हणून थांबली. ओरडल्यानं फरक पडतो, हे दुसऱ्यांदा सांगतोय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत आणि छापलेला विषय अजून बाकी आहे. भराभर सांगतो.

पॉवर. दोघांचीही मुख्य चिप एएमडी कंपनीची. टेराफ्लॉप म्हणजे चिपच्या आकडेमोडीच्या वेगाचं माप. सिरीज एक्स १२ टेराफ्लॉप, पीएस५ १०.२८. बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बसून हा फरक दिसत नाही. सिरीज एसचे मात्र ४ आहेत, तो दिसतो. साठवण सुरुवातीच्या पीएस५ ची ८२५ जीबी, सिरीज एक्सची १ टीबी, सुरुवातीच्या सिरीज एसची ५१२ जीबी. एकेक गेम शंभर जीबीच्या घरात जातो, त्यामुळं सिरीज एसवर कायम काहीतरी उडवत बसावं लागतं.

जुने गेम. सिरीज एक्समध्ये एक्सबॉक्स वनच्या आणि ३६० च्या बऱ्याच, पहिल्या एक्सबॉक्सच्याही काही डिस्क चालतात. पीएस५ मध्ये पीएस४ च्या चालतात, त्याच्या मागच्या नाहीत. इथं एक्सबॉक्स सरळ पुढं आहे. जुन्या डिस्कांचा साठा असेल त्यानं सिरीज एक्स घ्यावा, मी अडवणार नाही.

गेम पास, म्हणजे एक्सबॉक्सची वर्गणी. महिन्याला पैसे भरा, शेकडो गेम खेळा. सोय मोठी आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये वरच्या दर्जाचा पास अमेरिकेत १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ झाला. भाडं मालक ठरवतो. पैसे थांबले की गेम थांबले.

खास गेम, म्हणजे एकाच कंपनीच्या मशीनवर चालणारे. मायक्रोसॉफ्ट आता आपलेच गेम पीएस५ वर आणतंय, फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ मध्ये आला. सोनीचे मोठे गेम एक्सबॉक्सवर फारसे येत नाहीत. पारडं पीएस५ कडं झुकतं. शिवाय सांगली-मिरज-कोल्हापुरात हातोहात फिरणाऱ्या डिस्क बहुतेक पीएसच्याच दिसतात.

म्हणून माझं उत्तर: डिस्कवाला पीएस५. मित्रांकडं एक्सबॉक्स असतील, तर सिरीज एक्स. दोन्हींतला बिनखाचेचा घेऊ नका. अपवाद एकच, २०२३ पासूनच्या सडपातळ डिजिटल पीएस५ ला डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो, फक्त जोडताना एकदा इंटरनेट लागतं. काही डिस्कांमध्ये पूर्ण गेम नसतो, उरलेला उतरवून घ्यावा लागतो. डबीवरचा बारीक मजकूर वाचून घ्या.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी दुकानातच आपली डिस्क घालून अर्धा तास गेम चालवून बघा. आत पक्क्या बसवलेल्या ड्राइव्हचा सर्किट बोर्ड मदरबोर्डशी, म्हणजे मशीनच्या मुख्य पट्टीशी जुळवलेला असतो, दुसऱ्या मशीनचा आणून बसवला तर चालत नाही, मग दुरुस्ती महागात जाते. आणि विकणाऱ्याला त्याचं अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा, मशीन कोरं करून घ्या, त्यानंतरच पैसे द्या.

मागं कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय. विचारा.