नेच्याचा मूळ पत्ता

[दृश्य: ताम्हिणी घाट, जुलै. रस्त्यासाठी कापलेली दरड, तिच्यावरून झिरपणारं पाणी.]

दरड कापली की तिच्यावर आधी शेवाळ धरतं, मग नेचे, म्हणजे फर्न, येतात. फूल नाही, फळ नाही, बी नाही. नुसतं पान. धबधबा बघायला थांबलेल्या गाड्या नेमक्या याच दरडीला खेटून उभ्या राहतात, पण इकडे कुणी मान वळवत नाही. आणि त्यातलीच काही मंडळी पुढच्या रविवारी नर्सरीतून बॉस्टन फर्नची कुंडी घेऊन येतात. एप्रिल उजाडेपर्यंत तिचा खराटा झालेला असतो.

नर्सरीवाल्यानं सांगितलेलं असतं, "सावलीत ठेवा, पाणी घाला." सल्ला चूक नाही, अपुरा आहे. नेच्यांच्या जगात दहा हजारांच्या आसपास जाती आहेत. कुणी कातळाच्या फटीत राहतो, कुणी आंब्याच्या फांदीवर, कुणी ओढ्याकाठी. अझोला तर चक्क भातखाचरात तरंगतो. कुंडी खिडकीत ठेवायची की न्हाणीघरात, हे ठरवायच्या आधी त्याचा मूळ पत्ता विचारावा.

[दृश्य: जुन्या विहिरीचा आतला कठडा.]

हा हंसराज. देठ काळा, चकचकीत, तारेसारखा. पानावर पाणी मारून बघा, थेंब घरंगळून जातो, पान कोरडंच. इथे सह्याद्रीत दिसणाऱ्या एका हंसराजाच्या पानाचं टोक लांब होत जातं, जमिनीला टेकतं आणि तिथेच मुळं धरून नवं रोप होतं. असा तो एकेक पाऊल टाकत दरडभर चालतो. विहिरीत त्याला काय मिळतं? वारा नाही, ऊन तिरपं, हवा कायम ओलसर. आता दिवाणखान्यातला पंखा आठवा. तिथे हंसराज आठवडाभरात कुरकुरीत होतो, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. घरात त्याला मानवणारी जागा बहुतेक एकच, खिडकी असलेलं न्हाणीघर.

पण सगळे नेचे असे नाजूक नसतात. गडांच्या तटबंदीत, भर उन्हात, हातपंख्यासारखं इवलंसं पान घेऊन मयूरशिखा उभी असते. पाऊस संपला की ती वळून वाळून जाते. मेली असं वाटतं. पुन्हा पाऊस पडला की तेच पान उलगडतं. तिची शेजारीण सिल्व्हर फर्न. पानाच्या पाठीवर पांढरी पूड. पान मनगटावर ठेवून फटका मारायचा, की पांढरी नक्षी उमटते. ट्रेकला गेलेल्या प्रत्येकानं हे एकदा तरी केलंय. त्या पुडीचं खरं काम मात्र वेगळं. पान सुकताना आत वळतं, पांढरी पाठ वर येते आणि ऊन परतवलं जातं.

[दृश्य: मुंबई. जुन्या इमारतीची मागची बाजू, सांडपाण्याचे पाइप.]

शहरात नेचे दुसरीच बातमी देतात. भिंतीवर जिथे हिरवा तुरा, तिथे पाइप गळतोय. प्लंबरला बोलवायच्या आधी तेवढं बघून घ्यावं. जुन्या चुन्याच्या भिंतींवर हमखास दिसणारा एक लांब, शिडीसारख्या पानांचा नेचा आहे, टेरिस व्हिटाटा. हा जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे 2001 मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. ज्याला आपण दरवर्षी खरवडून काढतो, त्याच्याकडे विषारी जमीन साफ करायचा उपाय म्हणून बघितलं जातंय.

[दृश्य: कोकणातला जुना आंबा. कॅमेरा खालून वर जातो.]

आणि हे बाशिंग. नाव ठेवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यायला हवी. माणूस उतावळा असला की गुडघ्याला बाशिंग बांधतो. आंब्यानं ते कोपराला बांधलंय.

नीट बघा, पानं दोन प्रकारची आहेत. बुडाशी तपकिरी, वाळकी, खोडाला चिकटलेली, आणि त्यांच्यातून वर आलेली हिरवी, लांब, कातरलेली. तपकिरी पानं बघून एखाद्याला वाटेल, साफसफाई करावी. करू नये. ती त्याची कुंडी आहे. हिरवी पानं उन्हाळ्यात गळतात, ही राहतात. वरून पडलेला पाचोळा, धूळ, पक्ष्यांची विष्ठा त्यांच्यात अडकते, कुजते आणि खत होतं. मुळं तिथेच. बाशिंग आंब्याचा रस शोषत नाही, फक्त बसायला जागा घेतं.

हे कळलं की ऑफिसच्या लॉबीतल्या बर्ड्‌स नेस्ट फर्नचं गणित सुटतं. रुंद, चकचकीत पानांचा तो द्रोण म्हणजे झाडावर बसून पाचोळा झेलायचीच युक्ती. त्याला आपण काळ्या मातीत दाबून बसवतो आणि रोज पाणी घालतो. मुळं सडणारच. त्याला नारळाच्या सोडणाचे तुकडे, साल, थोडं पालापाचोळ्याचं खत, असं भुसभुशीत काहीतरी हवं. पाणी कडेनं, मधल्या द्रोणात नाही. सांबरशिंगासारखी पानं असलेला स्टॅगहॉर्न तर कुंडी मागतच नाही. लाकडी फळीवर बांधा, भिंतीवर टांगा.

बाशिंग मात्र झाडावरच राहू द्यावं. झाडासारखा वाढणारा वृक्षनेचाही तसाच. ऑर्किड लावायला त्याच्या खोडाचे तुकडे इतके विकले गेले, की त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार आता साइट्स या, वन्य जातींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

[दृश्य: पुणे. उत्तरेकडची बाल्कनी.]

राहिला बॉस्टन. 1890च्या दशकात फिलाडेल्फियाहून बॉस्टनला गेलेल्या नेच्यांमध्ये एक वेगळाच, झुकत्या पानांचा निघाला, त्याचा हा वंश. आपल्याकडे त्याच्याच नावावर त्याचा भाऊबंदही खपतो. कुंडी उपडी करून मुळं बघा. शेंगदाण्याएवढे, पाण्यानं भरलेले कंद दिसले, तर तो भाऊबंद. बाहेर आंब्याच्या सावलीत लावा, देशावरचा उन्हाळाही काढेल. कंद नसले, तर एसी आणि पंख्यापासून लांब, खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीवर.

पानामागे तपकिरी ठिपके दिसले, तर फवारा उचलू नका. ओळीत, सारख्या अंतरावर असतील, तर ते बीजाणूंचे पुंजके. बी नसलेला नेचा या बीजाणूंतूनच उगवतो. वेडेवाकडे, देठावरही असतील आणि नखानं खरवडून निघत असतील, तर खवले कीड.

आणि हो, पुष्पगुच्छातला तो भुरभुरीत अ‍ॅस्परॅगस फर्न फर्नच नव्हे. तो शतावरीचा भाऊ. त्याला फुलं येतात.

[दृश्य: टेबलावर काचेची बरणी, आत विटेचा तुकडा.]

1829 साली लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरनं पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटली बंद केली. बाहेर, कोळशाच्या धुरात, त्याच्या बागेतले नेचे मरत होते. बाटलीत मात्र न लावता एक नेचा उगवला. 1833 मध्ये अशाच काचेच्या पेट्यांतून त्यानं नेचे सिडनीला पाठवले, ते जिवंत पोचले. पुढे चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आली, ती याच पेट्यांतून.

आमच्या बरणीत जूनमध्ये हंसराजाचं पान कागदावर रात्रभर ठेवून पडलेली बीजाणूंची पूड ओल्या विटेवर भुरभुरवली. ऑगस्टमध्ये वीट हिरवी झाली. भिंगातून बघितलं तर ती शेवाळ नव्हती. नखापेक्षा लहान, बदामाच्या आकाराचे पातळ पापुद्रे होते. नेच्याची ही मधली पिढी. इथे नर पेशी मादी पेशीपर्यंत पोहत जाते, पाण्याच्या थरातून. पाणी नसेल, तर पुढचा नेचा नाही. विहीर, दरड, गळका पाइप, सगळे पत्ते इथून निघतात.

[दृश्य: बाहेर आकाशकंदील. कॅमेरा बरणीच्या काचेजवळ जातो.]

आज नरक चतुर्दशी. एका पापुद्र्याच्या खाचेतून तांदळाच्या दाण्याएवढं पहिलं पान वर आलंय. देठ आत्ताच काळा दिसतोय.