दावं तोडणारा विषाणू

[पडद्यावर: मेणाची वडी, आत ऊतीचा बारीकसा तुकडा]

लिओपोल्डव्हिल, १९६०. काँगो नदीच्या काठावरचं हे शहर म्हणजे आजचं किन्शासा. इथल्या एका बाईच्या लसिकाग्रंथीचा छोटा तुकडा डॉक्टरांनी तपासणीसाठी काढला आणि मेणात जपून ठेवला. आत काय दडलंय, हे तेव्हा कुणाला कळणं शक्यच नव्हतं. एड्स हा शब्द यायला अजून बावीस वर्षं होती.

२००८ मध्ये संशोधक मायकेल वोरोबी आणि सहकाऱ्यांनी त्या मेणातून एड्स घडवणाऱ्या एचआयव्ही या विषाणूच्या जनुकांचे अवशेष मिळवले. याच शहरातला १९५९ चा एक रक्तनमुना आधीपासून हाती होता. दोन्ही ताडून पाहिले. शहर एक, अंतर जेमतेम वर्षाचं, पण विषाणू एकमेकांपासून कितीतरी वेगळे! एचआयव्ही स्वतःची नक्कल उतरवताना सारखा चुकतो आणि चूक दुरुस्त करत नाही. या चुका किती साठल्या, त्यावरून या विषाणूंचा सामाईक पूर्वज कधीचा, हे काढता येतं. हिशेब पोचला १९०८ च्या आसपास. फार तर १८८४ ते १९२४ च्या दरम्यान.

लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना झालेल्या या आजाराची पहिली नोंद छापून आली ५ जून १९८१ ला. तोवर हा विषाणू माणसांत साठ-सत्तर वर्षं राहून गेला होता.

[पडद्यावर: कॅमेरूनचं घनदाट जंगल]

कॅमेरूनचा आग्नेय कोपरा. बीट्रिस हान यांच्या संशोधक गटानं इथल्या रानातून चिंपांझींची विष्ठा गोळा करवली, आणि २००६ मध्ये विषाणूचं मूळ घर सापडलं. चिंपांझींकडे तरी तो कुठून आला? ते लहान माकडांची शिकार करतात. दोन जातींच्या माकडांचे दोन विषाणू त्यांच्या शरीरात एकत्र आले, मिसळले. पुढे माणसानं चिंपांझींची शिकार केली. मांस कापताना हाताला जखम, जखमेत रक्त. बहुधा एवढंच घडलं. ज्या आजारावरून माणसांना घराबाहेर काढलं, वाळीत टाकलं, त्याची सुरुवात एका शिकाऱ्याच्या कापलेल्या बोटात असावी, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

आणि हे एकदाच घडलेलं नाही. चिंपांझी आणि गोरिलांकडून एचआयव्ही-१ निदान चार वेळा माणसात आला: एम, एन, ओ आणि पी असे त्याचे चार गट. पश्चिम आफ्रिकेतल्या मँगाबे माकडांकडून एचआयव्ही-२ आला, तोही अनेकदा. पी गट सापडला तो एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या लोकांत. एम गट मात्र जगभर पसरला.

असं का?

आपल्या पेशींमध्ये टेदरिन नावाचं एक प्रथिन असतं. नवा विषाणू पेशीतून बाहेर पडू लागला, की ते त्याला दाव्यानं बांधल्यासारखं जागीच धरून ठेवतं. चिंपांझींमधला विषाणू आपल्या नेफ या प्रथिनानं टेदरिनची शेपटी पकडतो आणि दावं सोडवतो. माणसाच्या टेदरिनमध्ये मात्र शेपटीचा तेवढाच भाग, अवघी पाच अमिनो आम्लं, गळून गेलेला आहे. नेफला पकडायला काही उरलंच नाही. एम गटात हे काम व्हीपीयू या दुसऱ्या प्रथिनानं उचललं. पी गटाला ते जमलं नाही. एन गटाला जमलं, पण अर्धवट.

दावं सुटलं तरी वाट हवी. ती बेल्जियमच्या वसाहती राजवटीनं करून ठेवली होती. नदीमार्गे विषाणू लिओपोल्डव्हिलला पोचला. तिथे मजुरीसाठी पुरुष आणलेले, बायका थोड्या. १९४० च्या दशकाअखेर वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक इथून रेल्वेनं ये-जा करत होते. एक मार्ग दक्षिणेला लुबुम्बाशीकडे, तांब्याच्या खाणींकडे जाई. वसाहतीच्या काळातल्या इंजेक्शन मोहिमांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांनीही हातभार लावला, असं काही संशोधक मानतात.

[पडद्यावर: चेन्नई, १९८६]

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात फोफावलेला, एम गटाचा सी हा उपप्रकार भारतात आला. माहेरच्या गायतोंडे असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी १९८६ मध्ये चेन्नईत देशातले पहिले बाधित शोधले. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. आज भारतात बहुतांश संसर्ग सी उपप्रकाराचाच आहे.

विषाणूच्या जनुकांना जाग आणणाऱ्या काही जागा असतात, एनएफ-कप्पा-बी नावाच्या. बहुतेक उपप्रकारांत त्या दोन, सी मध्ये तीन. बंगळुरूच्या उदयकुमार रंगा यांच्या संशोधक गटाला भारतीय रुग्णांतल्या काही विषाणूंमध्ये चौथी जागा आढळली. अशा विषाणूंचं प्रमाण वाढताना दिसत होतं.