शेवटची ओवी आणि सीडी लिहिण्याचा वेग

श्रोतेहो, नमस्कार. कोरी सीडी किंवा डीव्हीडी संगणकात घालून तिच्यावर गाणी, छायाचित्रे अथवा कागदपत्रे कशी उतरवायची, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे ते मी पुन्हा सांगत नाही. आज मला बोलायचे आहे ते लिहिण्याच्या वेगाविषयी. एमआरआयच्या प्रतिमा रुग्णालयातून आजही अनेकदा सीडीवरच हाती येतात, आणि कॅसेटवरून उतरवलेले वडीलधाऱ्यांचे आवाज कितीतरी घरांत सीडीवरच जपलेले असतात. त्यामुळे हा विषय जुना झाला, असे मला वाटत नाही.

सीडीचा मूळ वेग, म्हणजे १ एक्स, सेकंदाला १५० किलोबाइट असतो. या वेगाने ८० मिनिटांची सीडी लिहायला ८० मिनिटे लागतात, तर १६ एक्सने पाच मिनिटे. डीव्हीडीचा १ एक्स मात्र वेगळा आहे. तो सेकंदाला सुमारे १,३८५ किलोबाइट, म्हणजे सीडीच्या नऊपट असतो, आणि म्हणूनच सीडीचे १६ आणि डीव्हीडीचे १६ हे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आता एक हकिगत सांगतो. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एक द्राक्षबागायतदार आहेत, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या कोणीतरी फार पूर्वी कॅसेटवर भरून ठेवल्या होत्या. आईच्या वर्षश्राद्धाला सगळे गणगोत जमणार, तेव्हा प्रत्येक घरी त्या ओव्यांची एक सीडी द्यावी, असे अण्णांच्या मनात आले. कॅसेटवरचा आवाज संगणकावर नीट उतरला आणि सव्वा तासाचे ध्वनिमुद्रण तयार झाले. त्यात शेवटची ओवी अशी होती, की आजीने तिच्यात आपल्या प्रत्येक नातवंडाचे नाव गुंफले होते. नाशिक शहरातल्या एका दुकानदाराने दुपारभरात सगळ्या सीडी लिहून दिल्या. घरच्या संगणकावर एक लावून पाहिली, ती उत्तम वाजली, आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी सीडी वाटल्या गेल्या.

त्यानंतर दूरध्वनी यायला लागले. सिन्नरहून धाकटा भाऊ म्हणाला, “अण्णा, आईची शेवटची ओवी अडकते आहे.” चांदवडहून बहिणीचाही तोच निरोप आला. मालेगावच्या भाच्याच्या जीपमध्ये तर शेवटची तीन गाणी लागतच नव्हती. ज्या ओवीत आपले नाव आहे, तीच ओवी कोणालाही ऐकता येत नव्हती. दुकानदाराचे म्हणणे असे, की सीडी निर्दोष आहेत आणि प्लेअर जुने आहेत. तसे पाहिले तर अण्णांच्या संगणकावर त्या वाजतही होत्या.

पंचवटीत एक निवृत्त ध्वनिमुद्रक राहतात. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. अण्णा त्यांच्याकडे गेले तेव्हा मीही बरोबर होतो. भाऊंनी सीडी हातात घेण्याआधीच विचारले, “किती एक्सला लिहिल्या?” चौकशी केल्यावर कळले, की संगणकाने आपणहून निवडलेला कमाल वेग तसाच राहू दिला होता. तो होता ५२ एक्स. भाऊंनी चुका मोजणारा एक प्रोग्रॅम लावून सीडी तपासली. आतल्या बाजूला चुका थोड्या होत्या. बाहेरच्या कडेकडे जावे तशी पडद्यावरची चुकांची रेघ चढत गेली आणि शेवटच्या गाण्यांवर ती फारच वर होती.

शेवटचीच गाणी का, तर सीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि ५२ एक्सचा ड्राइव्ह, म्हणजे संगणकातले सीडी लिहिणारे यंत्र, ती ठरावीक गतीने, मिनिटाला १०,००० च्या आसपास फेऱ्यांनी फिरवतो. आतले वर्तुळ लहान असल्याने तिथे लिहिण्याचा खरा वेग ५२ च्या निम्म्याहूनही कमी असतो. बाहेरच्या कडेला तो पूर्ण ५२ होतो. म्हणजे ज्या ओवीसाठी सगळा खटाटोप केला, तीच सर्वांत घाईने लिहिली गेली होती.

भाऊंनी त्याच गड्डीतल्या कोऱ्या सीडी घेतल्या, तोच ड्राइव्ह वापरला आणि तेच ध्वनिमुद्रण फक्त वेग बदलून लिहिले. १६ एक्सला लिहिलेल्या सीडीची रेघ आतपासून कडेपर्यंत खाली आणि सपाट राहिली. मग त्यांनी ४ एक्सला एक लिहिली. आम्हाला वाटले होते, की ती सर्वांत सरस ठरेल. प्रत्यक्षात ती १६ एक्सपेक्षा थोडी उणीच ठरली. मी कारण विचारले, तेव्हा भाऊंच्या आधी अण्णाच बोलले. “बागेत ब्लोअर मारताना ट्रॅक्टर वेगात पळवला तर पानांवर औषध सारखे बसत नाही. फार हळू चालवला तर एकेका पानावर जास्त पडून ओघळते. नोझल ज्या चालीसाठी लावलेले असते, त्याच चालीने ट्रॅक्टर न्यावा लागतो.” भाऊ म्हणाले, “अण्णा, याहून नेमके मला सांगता आले नसते.”

सगळ्या सीडी १६ एक्सने पुन्हा लिहिल्या गेल्या. दर सीडीमागे दोन-तीन मिनिटे जास्त लागली, एवढाच फरक. त्या सिन्नरला वाजल्या, चांदवडला वाजल्या आणि मालेगावच्या जीपमध्येही वाजल्या.

आता यामागचे कारण थोडक्यात सांगतो. कोऱ्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, आणि लेझर त्याला तापवून त्यावर खुणा उमटवतो. १ एक्सला सर्वांत लहान खूण उमटवायला सुमारे ७०० नॅनोसेकंद मिळतात, तर ५२ एक्सला जेमतेम १३. वेळ कमी, म्हणून लेझरची शक्ती वाढवावी लागते, आणि मग खुणेची कड किंचित पुढेमागे सरकते. वाचणारे यंत्र खुणेच्या लांबीवरूनच माहिती ओळखते. लहानसहान चुका ते स्वतः दुरुस्त करून घेते, पण दुरुस्तीची जी जादा सोय माहितीच्या सीडीत असते, ती गाण्यांच्या सीडीत नसते. म्हणून गाण्यांची सीडी लिहिताना वेगाकडे अधिक लक्ष द्यावे. अति मंद वेगही टाळावा, कारण आजच्या सीडींचा थर वेगवान लेखनासाठीच बनवलेला असतो.

काही श्रोते म्हणतील, की वेग कमी ठेवायचा सल्ला जुन्या काळचा आहे. तो सल्ला दोन कारणांनी दिला जात असे. संगणकाकडून माहिती वेळेवर पोहोचली नाही तर ड्राइव्हचा बफर, म्हणजे आलेली माहिती क्षणभर साठवण्याची जागा, रिकामा पडे आणि सीडी वाया जाई, हे पहिले कारण. सान्यो या जपानी कंपनीने २००० साली बर्न-प्रूफ हे तंत्र आणले. त्यामुळे ड्राइव्हला मध्येच थांबून पुढे जोडून लिहिता येऊ लागले आणि ते कारण मिटले. खुणेच्या रेखीवपणाचे दुसरे कारण मात्र आजही कायम आहे.

आकडे लिहून घ्या, मी सावकाश सांगतो. सीडीसाठी १६ ते २४ एक्स. १६ एक्सपर्यंत लिहिता येणाऱ्या डीव्हीडीसाठी ८ एक्स. पुन्हा सांगतो: सीडीसाठी १६ ते २४, डीव्हीडीसाठी ८. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये ऑप्शन्समधल्या बर्न या भागात वेग निवडता येतो, आणि नीरो, इमेजबर्न किंवा लिनक्सवरील केथ्रीबी या सीडी लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये लिहिण्याच्या खिडकीतच वेगांची यादी असते. ‘मॅक्सिमम’ किंवा ‘ऑटो’ तसेच सोडू नका. यादीत हवा तो आकडा नसेल तर त्याच्या जवळचा घ्यावा, कारण ती यादी ड्राइव्ह आणि कोरी सीडी यांना मिळून जे शक्य आहे त्यावरूनच तयार होते. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू सीडीवर वेगाची मर्यादा छापलेली असते. तिथे वर दिलेले आकडे लावू नयेत, छापलेली मर्यादा पाळावी.

सीडीवर कागदी लेबल चिकटवण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. माझे मत तिच्या अगदी विरुद्ध आहे. लेबल जरा तिरके बसले तरी वेगाने फिरणाऱ्या सीडीचा तोल जातो, म्हणून नाव मऊ टोकाच्या मार्कर पेनानेच लिहावे. लग्नाच्या तीन-तीन तासांच्या चित्रफिती घाईघाईत डीव्हीडीवर देणाऱ्या छायाचित्रकारांनाही माझी कळकळीची विनंती आहे, की चित्रफीत तासाभराची करा, पण ती वर्षानुवर्षे चालेल अशी लिहा.

लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’, म्हणजे लिहिलेले पुन्हा वाचून पडताळणे, जरूर करावे. त्यावरच विसंबून मात्र राहू नये, कारण ज्या ड्राइव्हने लिहिले तोच ड्राइव्ह ते वाचत असतो. सीडी घरातल्या सर्वांत जुन्या प्लेअरमध्ये घालावी आणि पहिले गाणे न लावता थेट शेवटचे लावून ऐकावे.